जपानात वापरलेल्या डिझायनर बॅगा घेताना: माझा अनुभव, एक चूक आणि तुमचा सल्ला हवा

निशिगंध_ठाणे | २० जुलै २०२५

याच महिन्यात पॅरिसच्या लिलावात गायिका-अभिनेत्री जेन बर्किन यांची, एर्मेस कंपनीने त्यांच्यासाठी बनवलेली अगदी पहिली बर्किन बॅग सुमारे ८६ लाख युरोंना गेली. घेणारे निघाले जपानमधल्या, वापरलेल्या ब्रँडेड वस्तू विकणाऱ्या कंपनीचे प्रमुख. आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. मला म्हणाल तर अजिबात नवल वाटलं नाही. गेल्या नोव्हेंबरात बारा दिवस जपानात होते, त्यातले तीन दिवस मी फक्त जुन्या बॅगांच्या दुकानांत काढले. तिथे या वस्तूंची ज्या तऱ्हेने निगा राखतात ते पाहिलं की असा लिलाव जपानी माणसानेच जिंकावा हे पटतं.

पन्नाशीला स्वतःसाठी एक चांगली बॅग घ्यायची हे चार वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. भिशीचे पैसे बाजूला टाकले होते. नवी बॅग आवाक्याबाहेर होती. ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणाली, जपानला जातेच आहेस तर तिथे जुनी बघ. म्हणून निघण्याआधी महिनाभर वाचन केलं आणि लुई व्हिताँची मोनोग्राम (कंपनीची 'एलव्ही' अक्षरं छापलेल्या कापडाची) 'स्पीडी ३०' ही हातबॅग नक्की केली. उगाच दहा बॅगा डोक्यात ठेवून गेलं की तिथे भोवळ येते. एकच आकार, एकच कापड ठरवून जा, हा माझा पहिला सल्ला.

शिंजुकू स्टेशनच्या पूर्व दाराने बाहेर पडलं की चालत दहा मिनिटांच्या आत अशी कितीतरी दुकानं आहेत. गिंझात आहेत, ओमोतेसांदोला जुन्या शॅनेलची दुकानं आहेत, ओसाकात शिन्साइबाशीला आहेत. आम्ही नागोयालाही गेलो होतो. तिथल्या ओसू भागात 'कोमेह्यो'चं मूळ दुकान आहे. १९४७ साली जुन्या कपड्यांचं दुकान म्हणून सुरू झालेलं. मजल्यामागून मजले बॅगा, घड्याळं, दागिने, किमोनो. शेजारी ओसू कान्नोनचं देऊळ आहे आणि दर महिन्याच्या १८ आणि २८ तारखेला देवळाच्या आवारात जुना बाजार भरतो. आम्ही नेमके १८ ला तिथे होतो. बॅग मिळाली नसती तरी तो दिवस सार्थकी लागला असता.

दुकानात काय होतं ते सांगते. काचेच्या कपाटात बॅगा ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. चिठ्ठीवर किंमत आणि एक अक्षर. एन किंवा एस म्हणजे नवी किंवा जवळजवळ नवी, मग ए, एबी, बी, सी. हे अक्षर ज्या त्या दुकानाचं असतं. एका दुकानातली 'बी' मला दुसरीकडच्या 'ए'पेक्षा चांगली वाटली. खरी माहिती असते अक्षराखालच्या बारीक जपानी ओळींत. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करा. पुन्हा पुन्हा येणारे शब्द मी वहीत लिहून घेतले होते: सुरे म्हणजे घासल्याच्या खुणा, काडोसुरे म्हणजे कोपरे झिजलेले, शिमी म्हणजे डाग, हागारे म्हणजे पापुद्रा सुटलेला, काताकुझुरे म्हणजे आकार ढासळलेला, निओई म्हणजे वास. आणि बेतात्सुकी, म्हणजे चिकटपणा. या शेवटच्या शब्दाकडे खाली परत येते.

सांगितलं की विक्रेती मुलगी मखमली ट्रेवर बॅग आणून ठेवते. हातात घेण्याआधी विचारायचं. घासाघीस करायची नाही, मोठ्या दुकानांत ती चालत नाही आणि बरं दिसत नाही. मी आठ स्पीडी पाहिल्या. एकीला सिगरेटचा वास होता, दुसरीला कपाटातल्या कापराचा. तिसरीचा तळ पार बसलेला. घेतली ती आठवी. हँडलचं चामडं जुन्या मधाच्या रंगाचं, दोन्ही हँडल सारखीच गडद झालेली, चेन एका बोटाने सरकत होती, आतलं तपकिरी कापड कोरडं. कोपऱ्याला नखाएवढी झीज होती आणि ती चिठ्ठीवर प्रामाणिकपणे लिहिलेली होती. करासह ६३,८०० येन, पासपोर्ट दाखवल्यावर कर वजा होऊन ५८,०००. तेव्हाच्या दराने साधारण ३२ हजार रुपये. आठ महिने रोज वापरते आहे.

आता चूक. परतीच्या आदल्या संध्याकाळी एका लहान दुकानात नव्वदीच्या दशकातली खांद्याला लावायची छोटी बॅग दिसली. ब्रँडचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही. दर्जा 'एबी', किंमत पहिलीच्या निम्मी, दुकान बंद व्हायला पंधरा मिनिटं. मी बाहेरून सगळं तपासलं, वास घेतला, पट्टा ओढून पाहिला. आतल्या खिशात हात घातला नाही. चिठ्ठीचा फोटो काढला होता पण वाचला नाही. जूनमध्ये ठाण्यात पहिला जोराचा पाऊस झाला आणि आठवड्याभरात खिशाचं अस्तर गुळाच्या पाकासारखं झालं. आत ठेवलेल्या लोकलच्या पासाला काळपट थर चिकटला, बोटांना लागला तो साबणानेही लवकर निघेना. मग तो फोटो उघडला. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: खिशाच्या आत बेतात्सुकी. दुकानाने सांगितलं होतं, मीच वाचलं नाही.

प्रश्न असा: हे अस्तर वाचवता येईल का? कोणी केलं आहे का? आणि बाकी ज्यांनी परदेशात अशी खरेदी केली आहे त्यांनी अनुभव लिहा, म्हणजे एकाच ठिकाणी सगळं राहील.

मोगरा_पुणे

वाखूसा (वाचनखूण साठवली)! किती सविस्तर लिहिलं आहेस गं. सप्टेंबरात आम्ही टोकियोला जातोय, त्यामुळे मला अगदी हवा तेव्हा धागा आला.

माझी मुख्य भीती बनावट मालाची आहे. इथे पुण्यात 'फर्स्ट कॉपी' म्हणून जे विकतात ते इतकं हुबेहूब असतं की मला फरक कळत नाही. तिथे काय खात्री?

निशिकासाईकर

मोगराताई, मी नऊ वर्षं टोकियोत आहे, बायको या दुकानांची नियमित गिऱ्हाईक. खात्रीचं सांगतो.

जपानात जुना माल विकत घेऊन विकायचा तर परवाना लागतो. १९४९ चा कायदा आहे. परवाना प्रांताचा सार्वजनिक सुरक्षा आयोग देतो आणि अर्ज पोलीस ठाण्यातून जातो. दुकानात त्याची पाटी लावलेली असते. माल विकायला येणाऱ्याची ओळख तपासून नोंद ठेवणं दुकानदाराला बंधनकारक आहे. म्हणजे तुमच्या हातातली बॅग कोणाकडून आली याचा कागद त्यांच्याकडे असतो. चोरीचा माल सापडला तर पोलीस थेट ती वही मागतात. शिवाय १९९८ मध्ये बनावट माल रोखण्यासाठी व्यापाऱ्यांनी 'एएसीडी' ही संघटना काढली, तिचं चिन्ह बऱ्याच दुकानांच्या दारावर दिसेल. यामुळे नकली माल अजिबात नसतोच असं नाही, पण नाव असलेलं दुकान त्या वाटेला जात नाही. एका खोट्या बॅगेपायी त्यांचा परवाना पणाला लागतो.

एवढ्या बॅगा आल्या कुठून, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. १९८५ नंतर येन वधारला, पाठोपाठ 'बबल'ची, म्हणजे जमीन आणि शेअरचे भाव फुगलेली, वर्षं आली आणि इथल्या बायकांनी युरोपातल्या बॅगा भरभरून घेतल्या. घरं लहान, कपाटं लहान, त्यामुळे नको झालेली वस्तू विकून टाकायची सवय. यातली बरीच दुकानं मुळात शिचिया, म्हणजे सोनं-घड्याळं गहाण ठेवून घेणारी पेढी. पारख त्यांच्या पिढ्यांत आहे.

एक घोळ टाळा. पाटीवर 'काइतोरी' असं लिहिलेलं असेल तर ते दुकान तुमच्याकडून विकत घेण्याचं आहे. तिथे काउंटर आणि दोन खुर्च्या असतात, विकायला काही नसतं. नवीन आलेले हमखास तिथे शिरतात.

करसवलतीबद्दल: ती पर्यटकांना आहे, आम्हा रहिवाशांना नाही. एकाच दिवशी एकाच दुकानात कर सोडून ५,००० येनची खरेदी हवी आणि पासपोर्ट मूळ हवा, फोटो चालत नाही. सध्या दुकानातच १० टक्के वजा होतात. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलणार आहे. आधी करासह पूर्ण पैसे भरायचे, जाताना विमानतळावर कस्टम्सने वस्तू पाहिली की कर परत. तेव्हा त्यानंतर जाणाऱ्यांनी बॅग चेक-इनच्या सामानात आधीच टाकून मोकळं होऊ नये.

निशिगंध_ठाणे

निशिकासाईकर, मनापासून आभार. काइतोरीच्या काउंटरवर मीही पहिल्या दिवशी जाऊन उभी राहिले होते, तिथल्या काकांनी बाहेर येऊन पुढच्या इमारतीकडे बोट दाखवलं.

मोगरा, स्पीडीपुरतं मी काय पाहिलं ते लिहिते. तिचं मोनोग्राम कापड एकसंध असतं, तळाला शिवण नाही. एका बाजूने वर जाऊन दुसऱ्या बाजूने खाली उतरतं. म्हणून एका अंगाला अक्षरं सुलट आणि दुसऱ्या अंगाला उलटी. माझ्या नणंदेने घरी आल्यावर पहिलं वाक्य तेच म्हटलं, 'अगं ही खोटी आहे, अक्षरं उलटी आहेत.' जुन्या स्पीडीत ती तशीच असायला हवीत! हँडल जिथे बॅगेला जोडलं आहे त्या चामड्याच्या पट्टीच्या माथ्यावर पाच टाके असतात. मी बोटाने मोजले. टाके किंचित तिरपे, जाड, मोहरीच्या पिवळ्या रंगाचे.

आत एका लहान चामडी पट्टीवर कोड दाबलेला असतो. माझ्या बॅगेवर एसपी १०२४ आहे. एसपी म्हणजे फ्रान्समधला कारखाना. १९९० पासून २००६ पर्यंतच्या कोडात पहिला आणि तिसरा आकडा महिना सांगतो, दुसरा आणि चौथा वर्ष. म्हणजे १२ आणि ०४, डिसेंबर २००४. २००७ पासून महिन्याऐवजी आठवडा आला आणि २०२१ मध्ये कोड बंद होऊन आत चिप आली. पण नकली बनवणारेही कोड दाबतातच, त्यामुळे कोड जुळला म्हणून बॅग खरी ठरत नाही. कोड चुकीचा निघाला तर मात्र लगेच खाली ठेवायची. त्या वर्षी माझी मुलगी सहा महिन्यांची होती. बॅग तिच्याच वयाची आहे हे मला का कोण जाणे फार आवडलं.

कोल्हापूरचा_चर्मकार

ताई, तुमच्या अस्तराबद्दल. मी तीस वर्षं चामड्यात काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो: ते वाचणार नाही.

त्या काळी पुष्कळ बॅगांच्या खिशांना आतून पॉलीयुरेथेनचा किंवा तसला कृत्रिम मुलामा दिलेला असे. हवेतली ओल त्या मुलाम्याची साखळीच तोडते. आधी चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमटपणात हे फार झपाट्याने होतं. लोक वरून टाल्कम पावडर मारतात. दोन दिवस बरं वाटतं, नंतर त्याचा लगदा होतो आणि शिवणीत जाऊन बसतो. स्पिरिटने पुसलं तर वरचा थर जातो, खालचा पुन्हा पाझरतो. खिसा उसवून अस्तर बदलणं हा एकच उपाय. चांगला कारागीर खिशाची जुनी शिवण ज्या भोकांतून गेली आहे त्याच भोकांतून नवा दोरा घालतो, चामड्याला नवीन भोक पाडत नाही. हे आधी विचारून घ्या. नवीन भोकं पाडणाऱ्याकडे देऊ नका. आणि अस्तर सुती घाला, रेक्झिन नको.

एक लक्षात ठेवा. मूळचा भाग बदलला की कंपनी पुढे ती बॅग दुरुस्तीला घेईलच असं नाही, आणि विकायला गेलात तर भाव उतरतो. स्वतः वापरणार असाल तर खुशाल करा.

तुमच्या स्पीडीच्या हँडलबद्दल वाचून बरं वाटलं. ते चामडं वनस्पतींच्या सालीत कमावलेलं असतं, वर रंगाचा थर नसतो. आमच्या कोल्हापुरी चपलेचंही तसंच. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं. नवीन असताना फिकं, मग ऊन, हाताचं तेल आणि वर्षं लागून गडद होत जातं. म्हणून जुनी बॅग बघताना दोन्ही हँडल एकाच रंगाची आहेत ना, पट्ट्या आणि कडाही त्याच मानाने गडद झाल्यात ना, हे पाहायचं. बॅग वीस वर्षांची आणि हँडल गोरंपान असेल तर ते बदललेलं आहे. वाईट नाही, पण विचारा. पाण्याचा थेंब पडला तर त्यावर डाग कायमचा. पावसात ती बॅग बाहेर काढूच नका.

बुरशी आली तर घाबरू नका. खिडकीत किंवा बाल्कनीत नेऊन कोरड्या मऊ कापडाने पुसा, पंख्याखाली ठेवा. उन्हात तापवू नका, चामडं आखडतं. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही बंद करू नका. जुनं धुतलेलं मलमलचं धोतर किंवा साडीचा तुकडा आत भरा, वर्तमानपत्र नको, शाई लागते. हँडलला टांगून ठेवू नका. पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून वारा द्या.

सीनकाठची

सगळ्यांचं वाचून आनंद झाला. पॅरिसबद्दल थोडं भर घालते, इथे सहा वर्षं आहे.

इथे अशा दुकानांना 'देपो-व्हान्त' म्हणतात. मालक आपली वस्तू ठेवून जातो, विकली गेली की दुकान आपला हिस्सा कापून त्याला पैसे देतं. सोळाव्या विभागात 'रु द ला पोंप' या रस्त्यावर 'रेसिप्रोक' हे जुनं नाव, १९७८ पासूनचं. जपानसारखे अक्षरांचे दर्जे इथे सगळीकडे नसतात, त्यामुळे सगळी भिस्त आपल्या डोळ्यांवर. आणि करपरताव्याच्या हिशेबाने येऊ नका. नव्या वस्तूवर १०० युरोंपेक्षा जास्त खरेदी असेल तर व्हॅट परत मिळतो. जुन्या मालावर दुकानदार बहुधा फक्त आपल्या नफ्यावर व्हॅट भरतो, बिलात तो वेगळा दाखवलेलाच नसतो. मग परत काय मिळणार? माझ्या आत्याने सगळा हिशेब १२ टक्के वजा करून केला होता आणि दुकानात तिचा चेहरा उतरला.

इटलीला जाणाऱ्यांसाठी: रस्त्यावर चादर पसरून विकतात त्या बॅगांना हातही लावू नका. तिथे बनावट वस्तू विकत घेणाऱ्यालाही दंड आहे, ७,००० युरोंपर्यंत. फ्रान्सचे कस्टम्सवालेही नकली बॅग जप्त करतात आणि दंड लावतात.

अवांतर: बडोद्याच्या महाराजांसाठी लुई व्हिताँने १९२६ मध्ये चहाच्या सामानाची खास पेटी बनवली होती. आत किटली-कपांसाठी कप्पे. गायकवाडांच्या पेटीची गोष्ट इथल्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत वाचली तेव्हा परक्या शहरात एकदम घरचं कोणी भेटल्यासारखं झालं.

वऱ्हाडी_पाहुणा

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा. लग्नाला पंचवीस वर्षं होतील म्हणून सौ. साठी जुनी शॅनेल घ्यायचं मनात आहे, डिसेंबरात ओसाकाला कामासाठी जातोय. तिला माहीत नाही, म्हणून घरी कोणाला विचारता येत नाही. काळी, चौकटीची शिवण आणि साखळीचा पट्टा असलेली पाहिजे. साडेचार लाख येनच्या आसपास एक ऑनलाइन पाहून ठेवली आहे. दोन प्रश्न. पाहायचं काय? आणि आपल्या विमानतळावर किती कर पडेल?

आंबोली_घाट

दादा, आधी हार्दिक अभिनंदन. मी दोन वर्षांपूर्वी तशीच घेतली, म्हणून उत्तर देते.

चामडं दोन तऱ्हेचं येतं. लॅम्बस्किन गालासारखं मऊ, पण नख लागलं तरी ओरखडा. 'कॅव्हियर' म्हणतात ते दाणेदार, टणक. वहिनी रोज वापरणार असतील तर दाणेदार घ्या. झाकणावर शॅनेलच्या खुणेतले एकमेकांत गुंतलेले दोन 'सी' असतात, ते पाहा: उजवा सी वरच्या बाजूला डाव्यावरून जातो, खालच्या बाजूला डावा उजव्यावरून. बंद झाकणाच्या शिवणीचे चौकोन मागच्या भागाच्या चौकोनांशी जुळायला हवेत. २००८ पर्यंतच्या सोनेरी कड्यांवर २४ कॅरेट सोन्याचा मुलामा असे, त्यामुळे जुनी बॅग असून कड्या झळाळत असतील तर शंका घेऊ नका. चार कोपरे अंगठ्याने दाबून बघा, तिथे रंग लावून झाकलेलं असेल तर पोत गुळगुळीत लागतो.

कराचं. २०२५ साली लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे ५०,००० रुपयांपर्यंत माफ होतं. वरच्या रकमेवर ३५ टक्के आणि त्या करावर १० टक्के अधिभार, मिळून ३८.५ टक्के. साडेचार लाख येन म्हणजे अंदाजे अडीच लाख रुपये धरले तर दोन लाखांवर ७७,००० रुपये. दोघं गेलात तरी दोघांची माफी एकत्र करून एका बॅगेला लावता येत नाही. बिल हातात ठेवा आणि सरळ लाल मार्गाने, म्हणजे कर लागणारं सामान असलेल्यांच्या रांगेने जा. 'जुनीच आहे, वापरलेलीच आहे' म्हणून हिरव्या मार्गाने जाण्याचा सल्ला अनेक जण देतील. बॅग जुनी असली तरी तुम्ही ती परदेशात या प्रवासात विकत घेतली आहे. मी लाल मार्गाने गेले, बिल दाखवलं, कर भरला, पावती घेतली, वीस मिनिटांत बाहेर. ती पावती आता बॅगेच्या डबीतच असते, कारण पुढच्या वेळी परदेशी नेऊन परत आणताना तीच कामाला येते. जुन्या भारी वस्तू बाहेर नेणार असाल तर जाताना कस्टम्सकडून निर्यात दाखला घेता येतो, तोही घ्या.

आणि मगर, सुसर, अजगर, घोरपड यांच्या कातडीची बॅग कितीही स्वस्त दिसली तरी सोडून द्या. वन्यजीव कायद्याची आणि 'साइट्स' या धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरच्या कराराची कागदपत्रं लागतात, ती नसतील तर बॅग जप्त. माझ्यासमोर एका बाईंची अडकली होती.

वऱ्हाडी_पाहुणा

फार उपकार झाले ताई. ७७ हजार म्हणजे बजेट बदलावं लागेल. पण आधी कळलं हे महत्त्वाचं. आता थोडी जास्त वापरलेली, दर्जा 'बी'ची पाहतो. झीज चालेल, रंगवलेली नको.

कर्वेनगरच्या_आजी

मुलींनो, सगळं वाचलं. माहिती उत्तम आहे. एकच विचारते, दुसऱ्या बाईने वर्षानुवर्षं वापरलेली पिशवी घरात आणताना मनाला लागत नाही का? आम्हाला परक्याची उतरलेली वस्तू घेऊ नये असं शिकवलं होतं. रागावू नका.

निशिगंध_ठाणे

आजी, रागावेन कशाला. माझ्या आईनेही हेच विचारलं. मी तिला म्हटलं, तुझ्या सासूबाईंची पैठणी तू माझ्या मुंजीत नेसली होतीस की, त्या साडीला तू सगळ्यांत जास्त जपतेस. ती म्हणाली, ती घरची. हे बरोबर आहे, बॅग घरची नाही. पण त्या आठव्या स्पीडीच्या आतल्या खिशात मला टोकियो मेट्रोचं एक जुनं तिकीट सापडलं, बोटाच्या पेरापेक्षा थोडं मोठं, कडेला मशीनचं भोक पडलेलं. विक्रेती मुलगी ओशाळली, काढून घ्यायला लागली. मी म्हटलं राहू द्या. कोणीतरी ती बॅग घेऊन रोज कामावर जात होती, आता मी जाते. मला त्यात परकेपणा वाटत नाही. आईने बॅग देवापुढे ठेवून हळद-कुंकू लावायला सांगितलं. मी चामड्याला न लावता आतल्या कापडाला लावलं.

कर्वेनगरच्या_आजी

मुंजीत म्हणजे भावाच्या ना गं? बाकी हे छान केलंस. तिकीट जपून ठेव.

निशिगंध_ठाणे | ९ ऑगस्ट २०२५

हो आजी, धाकट्या भावाच्या. घाईत लिहिलं.

छोट्या बॅगेचं काय झालं ते सांगायला आले. धारावीत एका कारागिराकडे नेली. कोल्हापूरच्या दादांनी सांगितलेला प्रश्न आधी विचारला, नवीन भोकं पाडणार का? त्यांनी काही न बोलता भिंग काढलं, खिशाची शिवण पाहिली आणि म्हणाले, 'एकशे चौदा टाके आहेत, तेवढेच घालू.' तिथे मी बॅग ठेवली. अस्तराला कापड माझंच दिलं. आईच्या पेटीत खणाचा एक तुकडा होता, गर्द जांभळा, वर बारीक नक्षी. सुती-रेशमी असल्याने मागून पातळ मलमल लावून घेतलं, म्हणजे चेन घासून धागे निघणार नाहीत. नऊ दिवसांनी मिळाली. मजुरी बाराशे रुपये.

काल दिवसभर पाऊस होता, हवा अगदी दमट. संध्याकाळी खिशात हात घातला. कोरडा. लोकलचा नवा पास आता तिथेच असतो.

मोगरा, तुझं जायचं पक्कं झालं की विपूत (विचारपुशीत) सांग. माझी शब्दांची वही स्कॅन करून पाठवते. आणि चिठ्ठीचा फोटो काढशील तेव्हा तिथेच उभं राहून वाच.